चौथ्या मजल्यावरच्या नळाचं मयत

पोकुआचं म्हणणं एवढंच होतं, की नळाला पाणी यावं. एवढ्याशा गोष्टीपायी वॉर्डनसाहेबांची सासू काळे कपडे घालून कुमासीहून येऊन बसेल, ब्रास बँड वाजेल, आणि विद्यापीठाच्या शिस्त समितीतले पाच विद्वान जिन्यावरून एकमेकांच्या मांडीवर बसत खाली येतील, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. स्वप्नात आलं असतं तर तिने पहिल्या वर्षालाच सुरुवात केली असती.

पोकुआ सुन्यानी गावच्या हेडमास्तरांची लेक. राहायची मुलींच्या तीन नंबरच्या हॉस्टेलात, चौथ्या मजल्यावर. तिथल्या न्हाणीघरात ओळीने सहा नळ होते. होते म्हणजे भिंतीत होते. पाणी त्यांना अकरा वर्षं नव्हतं. तळमजल्यावरून बादली भरायची, डोक्यावर घ्यायची आणि चढायचं. पोकुआची मान अशी काही तयार झाली होती, की डोक्यावर बादली आणि हातात उघडं पुस्तक घेऊन ती निघायची, ते वर पोचेस्तोवर एक धडा पाठ. अर्थशास्त्राचा अख्खा दुसरा पेपर तिने जिन्यावर केला, असं तिच्या खोलीतली तिवा शपथेवर सांगते. तिवा शपथेवर सांगते म्हणजे त्यातलं अर्धं तरी खरं असणार.

त्या मजल्याची एक रीत होती, ती आधीच सांगून ठेवते. नळ बंद करायचे नाहीत. सहाच्या सहा नळ पुरते उघडे ठेवायचे, म्हणजे पाणी आलं की आवाजाने कळेल. अकरा वर्षांपूर्वी कुण्या पोरीने ही युक्ती काढली. ती आता तीन लेकरांची आई झाली असेल. नळ आपले उघडेच.

तर शेवटचं वर्ष सुरू झालं, ऑक्टोबर लागला. एका दुपारी तिवाने गारी, म्हणजे साबुकंदाचा भाजलेला रवा, भिजवायला वाटीभर पाणी मागितलं आणि पोकुआ म्हणाली, "नाही." बादलीत तळाशी एवढंसंच होतं, खरं आहे. पण नाही म्हणाली. जिथे दारात आलेल्या परक्या माणसालाही आधी पाणी देतात आणि मग का आलात ते विचारतात, तिथे हेडमास्तरांच्या लेकीने मैत्रिणीला वाटीभर पाण्याला नाही म्हणावं. तिवा कोरडी गारी तोंडात टाकून चावत बसली, कुर्रम कुर्रम. तो आवाज पोकुआला रात्रभर ऐकू आला.

सकाळी ती उठली ती थेट देखभाल कार्यालयात. तिथे क्वाफोसाहेब. टेबलावर त्यांचं रजिस्टर, उशीएवढं जाड. दुपारी ते त्याचा उपयोगही तसाच करत, असं लोक म्हणतात.

"तक्रार?"

"तीन नंबर, चौथा मजला. नळाला पाणी येत नाही."

क्वाफोसाहेबांनी पानावर बोट फिरवलं. "येतं."

"साहेब, मी तिथे राहते."

"मॅडम, मी रजिस्टर बघतोय. चौथा मजला, सहा नळ, चालू. चालू नळाची तक्रार घेता येत नाही."

"मग बंद नळाची घ्या."

"बंद असल्याची नोंद कुठे आहे?"

"ती तुम्हीच करायची ना?"

"तक्रार आली की करतो."

"मग घ्या की तक्रार."

"चालू नळाची?"

असे चार मंगळवार गेले. पाचव्या मंगळवारी क्वाफोसाहेबांना तिची दया आली. ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "हे बघा. नळ कायमचा गेला असं हॉस्टेलने जाहीर केलं, तर त्याचं नाव रजिस्टरातून काढता येतं. नाव निघालं की नवा मागवता येतो. पण आधी तो गेला पाहिजे. रीतसर."

आता सल्ले देणारे थोडे होते का? शेजारच्या खोलीतली देदे म्हणाली, नळावर हात ठेवून सात दिवस प्रार्थना कर, आमच्या मावशीची शिलाई मशीन अशीच चालू झाली. फाटकावरचे बायडूअंकल म्हणाले, "लेकी, अकरा वर्षांत नऊ जणींनी अर्ज केले. नववीचं लग्न झालं, मला केक पाठवला. तू पण लग्न कर." पोकुआने हे ऐकून जो श्वास सोडला, त्याने बायडूअंकलची टोपी हलली.

"रीतसर गेला पाहिजे म्हणतात," ती खोलीवर येऊन म्हणाली.

तिवा पलंगावर पडून कोरडी गारी चावत होती. तिने आता ती सवयच लावून घेतली होती. "मग घालवू रीतसर," ती म्हणाली. "मयत कसं करतात ते काय आपल्याला शिकवायला हवंय?"

जानेवारीत, हरमाटनच्या कोरड्या वाऱ्याची धूळ सुटलेली, ओठ फुटलेले, अशात पोस्टर निघालं. त्या भागात माणूस गेला की पोस्टर लागतं. मोठं, रंगीत, फोटो घालून. हे पण तसंच. 'देवाघरचं बोलावणं. ओपानीन नळ, तीन नंबर, चौथा मजला. दीर्घ आजाराने. मागे भावंडं पाच, सर्व अत्यवस्थ. मुलंबाळं: चौऱ्याऐंशी बादल्या. आठवड्याची दुखवट्याची बैठक शनिवारी, हॉस्टेलच्या अंगणात. पोशाख काळा-लाल.' ओपानीन म्हणजे वडीलधारा माणूस. गेलेल्याचा मान ठेवायला नको का?

पोस्टरवर मुख्य दुखवटेकरी म्हणून कुणी तरी मोठं नाव लागतं, नाही तर लोक थांबून वाचत नाहीत. पोकुआने वॉर्डनसाहेबांचं घातलं: प्रोफेसर आम्पोंग. हॉस्टेल म्हणजे घर, वॉर्डन म्हणजे घराचा प्रमुख, मग घरचं मयत त्याचंच. यात चूक कुठे झाली, ते तिला अजून कळलेलं नाही.

पोस्टरं हॉस्टेलपुरतीच लावायची होती. पण छापखान्यातल्या माणसाला मयताची पोस्टरं छापली की गावोगावच्या मोटारस्टँडवर नेऊन चिकटवायची सवय. त्याने इमानदारीत चाळीस चिकटवली. त्यात फोटो काढला होता अंधाऱ्या न्हाणीघरात. छापून आल्यावर नळ काही नळ दिसेना. लांब नाकाचा, मान खाली घातलेला, आयुष्यभर सोसलेला एक म्हातारा दिसायला लागला. दोन बायका तर पोस्टरासमोर उभ्या राहून रडल्या म्हणे. एक म्हणाली, मी ओळखायची ह्यांना.

शनिवारी चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या. दहाच्या आत तीनशे माणूस. मी कमीच सांगतेय. काळी कापडं, लाल कापडं, डोक्याला पट्ट्या. वॉर्डनसाहेबांच्या चर्चचं गायनमंडळ आलं, कारण त्यांच्या घरी मयत. गावातला ब्रास बँड आला, कारण शनिवारी तो मोकळा होता. गेलेला कोण, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. ते जेवताना विचारतात.

देणग्यांच्या टेबलाशी देदे माइक घेऊन उभी. देणगी घ्यायची ती पाण्यात, असं ठरलं होतं. "दुसरा मजला, दोन बादल्या," देदे गरजायची आणि बँड एक सूर मारायचा. "रसायनशास्त्र विभाग, एक पिंप, झाकणासकट." टाळ्या. पाणी देताना माणसाला एवढा मान मिळतो म्हटल्यावर मुलांच्या हॉस्टेलातून बादल्यांची रांग लागली.

इतक्यात वॉर्डनसाहेब आले. तरातरा चालत, हातात पोस्टर, नाकपुड्या फुललेल्या. "हे काय चाललंय? कोण आहे ती पोरगी? हे ताबडतोब..."

पहिल्या ओळीत त्यांची सासू बसली होती. पायापर्यंत काळी. पहाटेच्या गाडीने आलेली.

"या, प्रोफेसर," सासूबाई म्हणाल्या. "घरात मयत, आणि मला ते स्टँडवरच्या पोस्टरवरून कळावं? ते पण मच्छीवालीने वाचून दाखवल्यावर?"

"आई, कुणी गेलेलं नाही."

"लोकांसमोर असं बोलू नये. बसा."

ते बसले. बसल्याबरोबर हात मिळवायची रांग सुरू झाली, उजवीकडून डावीकडे, जशी असते तशी. तीनशे माणसांनी प्रोफेसरांचा हात हातात घेऊन, धीर धरा, असं सांगितलं. गायनमंडळाने सहा गाणी म्हटली. साहेब मान खाली घालून बसले होते, अगदी पोस्टरवरच्या नळासारखे.

अकराला एक खराखुरा म्हातारा आला. काळं कापड खांद्यावरून घेतलेलं, हातात काठी. तो बसला नाही. मधोमध उभा राहिला आणि म्हणाला, "ह्या मयताची मालकीण कोण?"

पोकुआ पुढे झाली.

"मी न्सिया. प्लंबर. ह्या इमारतीतला नळ न् नळ मी ह्या हातांनी बसवलाय. तो माझा मुलगा आहे. मुलगा गेला, आठवड्याची बैठक बसली, बँड बोलावला, आणि बापाला सांगावा नाही?"

बाकी काहीही चालेल, पण घरच्यांना न कळवता मयत करणं म्हणजे फार मोठा अपराध. पोकुआ तिथल्या तिथे धुळीत गुडघे टेकून बसली. "ओपानीन, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं त्याला कुणी आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग बादल्यांच्या रांगेकडे बघितलं. "ऊठ," तो म्हणाला. तिवाने पळत जाऊन श्नॅप्स दारूची बाटली आणली, म्हाताऱ्याने पूर्वजांच्या नावाने दोन थेंब जमिनीला दिले आणि घरच्या वडीलधाऱ्याच्या खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "तो कशाने गेला, हे कुणी विचारलंत?"

कुणी विचारलं नव्हतं. न्सिया काठी टेकत चार मजले चढला. न्हाणीघराच्या भिंतीला कान लावला, काठीने ठोकलं, परत लावला. खाली आला तेव्हा सगळ्यांनी माना उंचावल्या.

"मला कारण कळलं," तो म्हणाला. "पण ते मी असं सांगणार नाही. घराच्या प्रमुखाने बाटली घेऊन माझ्या दारी यावं आणि विचारावं." एवढं बोलून त्याने भात आणि मासे मागवले.

सोमवारी पोकुआला पत्र आलं. 'विद्यापीठाच्या मालमत्तेच्या मृत्यूची खोटी बातमी पसरवल्याबद्दल' तिने वॉर्डनची लेखी माफी मागावी. नाही तर शिस्त समिती, आणि दोषी ठरूनही माफी मागितली नाही, तर शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही.

हेडमास्तरांचा फोन आला. "बाळ, दोन ओळी लिहून दे. चार वर्षांची डिग्री आहे."

"बाबा, न्सियाआजोबांची माफी मी गुडघे टेकून मागितली. ती चूक होती. ही चूक नाही."

पलीकडून आईचा आवाज आला. "काळं कापड नीट इस्त्री केलेलं होतं ना? लोक बघतात."

माफीचं पत्र काही गेलं नाही. दुसरं सत्र लागलं, अभ्यास वाढला, पोकुआ बादली आणि पुस्तक घेऊन जिना चढत राहिली. वाटेत मैत्रिणी विचारायच्या, मागितलीस का गं माफी? ती पान उलटायची. पण रात्री झोप लागत नव्हती, हे तिवाला माहीत होतं. हेडमास्तरांनी सुन्यानीत ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, की जूनमध्ये पोरगी पदवीचा काळा झगा घालणार. आता कुठला काळा झगा, एवढाच प्रश्न होता.

मे महिन्यात समिती बसली. पाच माणसं. त्यात कायद्याच्या प्राध्यापिका मॅडम ओडुरोवा होत्या. चष्मा नाकाच्या टोकाला, आवाज गोड. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"आरोप खोट्या बातमीचा आहे," त्या म्हणाल्या. "मुलगी म्हणते नळ मेला. ती खोटी ठरायची, तर तो जिवंत आहे हे आपल्याला दाखवावं लागेल."

"रजिस्टरात आहे," क्वाफोसाहेब म्हणाले.

"रजिस्टर उघडून मला चूळ भरता येणार आहे का, क्वाफो? गुरुवारी सकाळी दहाला आपण सगळे वर जाऊ. पाणी आलं तर मुलगी दोषी. नाही आलं, तर मेलेल्याला मेला म्हटल्याबद्दल शिक्षा देणारा कायदा निदान मी तरी वाचलेला नाही."

झालं. अकरा वर्षं ज्या नळाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही, त्याला आता गुरुवारी दहाच्या ठोक्याला पाणी यायलाच हवं, असा हुकूम सुटला. पोकुआला दोषी ठरवायचा दुसरा मार्गच नव्हता. नकाशे शोधले, ते वाळवीने वाचून संपवले होते. तीन ठिकाणी जमीन खणली. एका ठिकाणी जुनी सायकल निघाली. शेवटी क्वाफोसाहेब न्सियाच्या दारी गेले.

म्हाताऱ्याने त्यांना पाणी दिलं, आलात कशाला विचारलं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही घराचे प्रमुख आहात का?"

बुधवारी वॉर्डनसाहेबांना स्वतः बाटली घेऊन जावं लागलं. न्सियाने बाटली उजेडात धरून बघितली. "सांगतो. पण आधी दुखवटेकऱ्याने दुःख उचलावं. एक बादली. डोक्यावर. चौथ्या मजल्यापर्यंत."

गुरुवारी पहाटे, कुणी उठायच्या आत उरकून टाकू, म्हणून साहेब सहाला आले. बादली भरली, डोक्यावर घेतली. वर बघतात तो प्रत्येक मजल्याच्या कठड्याशी मुली उभ्या. कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. काम करणाऱ्या माणसाला जे म्हणायची तिथली रीत आहे, तेवढंच अदबीने म्हणाल्या. "आयेको, प्रोफ." दुसऱ्या मजल्यावर, "आयेको, प्रोफ." तिसऱ्या मजल्यावर साहेब थांबले. अर्धी बादली त्यांच्या कोटाने प्यायली होती. चौथ्यावर पोकुआने पुढे होऊन बादली उतरवून घेतली, आणि खरं सांगायचं तर तिला त्यांची थोडी कीव आली. थोडीच.

मग न्सियाने सगळ्यांना अंगणातल्या कारंज्याशी नेलं. कोण्या बड्या पाहुण्याच्या हस्ते अकरा वर्षांपूर्वी त्याचं उद्घाटन झालं होतं. पाण्याची धार पाहुण्याच्या डोक्यापेक्षा वर उडावी, म्हणून चौथ्या मजल्याचा व्हॉल्व्ह तेवढ्या दुपारपुरता बंद केला होता. कारंजं तेवढी एक दुपार उडालं. व्हॉल्व्ह परत उघडायचा लेखी हुकूम कुणी दिला नाही. मग त्यावर फरशी घातली, फरशीवर कुंडी ठेवली.

"गळा दाबलेला होता पोराचा," न्सिया म्हणाला आणि पाना घेऊन आत उतरला.

दहाला पाच मिनिटं असताना समिती चढायला लागली. पुढे वॉर्डनसाहेब, मागे मॅडम ओडुरोवा, मग बाकीचे चौघे, सर्वात शेवटी रजिस्टर छातीशी धरून क्वाफोसाहेब. समिती तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये असताना दहा वाजले. न्सिया वेळेचा पक्का.

आधी भिंतीतून खोकल्यासारखा आवाज आला. मग म्हातारा घसा खाकरतो तसा. आणि मग, ती रीत आठवतेय ना तुम्हाला, उघडे ठेवलेले सहाच्या सहा नळ एकदम सुटले. अकरा वर्षांचं तुंबलेलं पाणी. आधी लाल, मग तपकिरी, मग पांढरं. एक नळ तर भिंतीतून निघून समोरच्या भिंतीवर आपटला. न्हाणीघराचा उंबरा ओलांडून पाणी व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून जिन्यात. पाच विद्वान पायरीवर जे बसले ते पायरी-पायरीने खाली, एकमेकांच्या मांडीवर, पहिल्या मजल्यापर्यंत. क्वाफोसाहेबांचं रजिस्टर त्यांच्याही पुढे निघून गेलं. गावातल्या बदकांना आवाज गेला आणि ती दुपारपर्यंत हॉस्टेलच्या दारात येऊन उभी राहिली. विश्वास नसेल तर बायडूअंकलना विचारा, त्यांनीच ती हाकलली.

निकाल अंगणात, उन्हात बसून लागला. मॅडम ओडुरोवा स्कर्ट पिळत होत्या.

"नळ जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "मुली, तुला काय म्हणायचंय?"

"मी दोषी, मॅडम," पोकुआ म्हणाली. तिच्याही अंगावरून पाणी निथळत होतं आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं. "मी म्हणाले मेला, आणि तो तर धडधाकट आहे."

"परीक्षेला बसायचं असेल तर लेखी माफी. आज."

"वॉर्डनसाहेबांची मी मागणार नाही, मॅडम. मग परीक्षा गेली तरी चालेल."

तिवाने डोळे मिटून घेतले. मॅडमनी चष्मा पुसला, नाकाच्या टोकाला लावला आणि समितीवरून नजर फिरवली. "वॉर्डनला मेला असं कुठे म्हटलंय तिने? बदनामी ज्याची झाली, माफी त्याची."

वॉर्डनसाहेबांनी तोंड उघडलं. बुटातलं पाणी पचकलं. त्यांनी तोंड मिटलं.

क्वाफोसाहेब लगदा झालेली पानं एकेक करून कुंडीवर वाळत घालत होते. जाता जाता पोकुआला म्हणाले, "मी ऑक्टोबरातच सांगितलं होतं, चालू आहे म्हणून."

संध्याकाळी फळ्यावर माफी लागली. 'आदरणीय ओपानीन नळ, आपण हयात असताना आपल्याला मयत म्हटलं, याबद्दल मी आपली आणि आपल्या वडिलांची क्षमा मागते. आपला कुणी गळा दाबलाय, हे मला माहीत नव्हतं. यापुढे आपण एक दिवस जरी गप्प बसलात, तरी मी आधी आपल्या वडिलांना कळवेन आणि मगच बँड बोलावेन.'

परीक्षेच्या आधीच्या रविवारी चौथ्या मजल्याने मयताची सगळी कापडं धुवायला काढली. काळी, लाल, चौऱ्याऐंशी मुलींची. ती वाळत घातली कठड्यावर, आणि कठड्यासमोर नेमकी वॉर्डनसाहेबांची खिडकी. साहेब दोन दिवस पडदा लावून बसले. तिसऱ्या दिवशी दम खात खात चौथ्या मजल्यावर आले.

"ही कापडं..." ते म्हणाले.

"आधी बसा, प्रोफ," पोकुआ म्हणाली. तिने खुर्ची दिली, न्हाणीघरात जाऊन नळाखाली ग्लास भरला, डाव्या हाताचा आधार देत उजव्या हाताने पुढे केला. साहेब प्यायले. कोपऱ्यात तिवा भिजवलेली गारी खात होती, बिनआवाजाची.

"आता सांगा, आलात कशाला?"

"ही कापडं कधी वाळणार?"

"पाणी येतंय तोवर आम्ही ती रोज धुणार, प्रोफ. पुढच्या वर्षीच्या मुलींनाही सांगून ठेवलंय." तिने ग्लास परत घेतला. "ज्या दिवशी कोरडी दिसतील, त्या दिवशी समजा, पाणी गेलंय आणि आम्ही ती पुन्हा नेसतोय."

साहेबांनी कठड्याकडे बघितलं. कापडं टपटप गळत होती. मग म्हणाले, "अजून एक ग्लास दे."